त्रिकोणाच्या पोटात काय आहे?

शाळेच्या भौतिकशास्त्रात एक मुलगा आहे. त्याचं नाव आवृत्तीगणिक बदलतं. पूर्वी रमेश होता, मधे राहुल झाला, हल्ली आर्यन असतो. उद्योग मात्र तोच. घरातून निघायचं, नाकासमोर ३ मीटर पूर्वेला चालायचं, पीटीच्या तासाला वळतात तसं काटकोनात वळायचं आणि ४ मीटर उत्तरेला जाऊन उभं राहायचं. तो दूध आणायला निघालाय, क्लासला निघालाय की घरच्यांशी भांडून निघालाय, याबद्दल पुस्तक मौन पाळतं. पुस्तकाला एकच चौकशी असते: तर मग रमेशचं विस्थापन किती?

उत्तर ५ मीटर. तीनचा वर्ग नऊ, चारचा सोळा, बेरीज पंचवीस, वर्गमूळ पाच. चालला सात मीटर, हलला पाच मीटर. पायांनी तुडवली ती वाट म्हणजे अंतर. निघाला तिथपासून पोचला तिथपर्यंत ताणून बांधलेली दोरी म्हणजे विस्थापन. पहिलं अदिश, दुसरं सदिश. राज्य मंडळाच्या नववीच्या विज्ञानात ‘गतीचे नियम’ हा पहिलाच धडा आहे, आणि जूनमधल्या नव्या वह्यांचा वास जायच्या आत हा भेद मुलांच्या गळी उतरवला जातो.

मुलं तो निमूट उतरवून घेतात. एक प्रश्न मात्र वर्गात सहसा कुणी विचारत नाही. पाचच मीटरवर जायचं होतं तर हा बाबा सात मीटर कशाला चालला? द्राविडी प्राणायामाची हौस म्हणावी, तर ती पिढ्यान्‌पिढ्या टिकत नाही. सरळ जाता येत नव्हतं, हे उघड आहे. म्हणजे मधे काहीतरी होतं. विहीर असेल, भिंत असेल, कुणाची मारकी म्हैस असेल, किंवा ज्याची उधारी थकली आहे असा वाणी असेल. पुस्तकातल्या आकृतीत त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंवर आकडे असतात आणि पोटात कोरा कागद. सगळी भानगड त्या कोऱ्या कागदात आहे.

रमेशला आणखी एक खोड आहे. तो ३ आणि ४ चालतो, ६ आणि ८ चालतो, जरा मोठा झाला की ५ आणि १२ किंवा ८ आणि १५ चालतो. ४ आणि ५ मीटर तो जन्मात चालणार नाही, कारण मग उत्तर ६.४०३ आणि पुढे न संपणारं काहीतरी येतं, आणि प्रश्न काढणाऱ्या सरांनाच कॅल्क्युलेटर शोधत फिरावं लागतं. या सोयीच्या जोड्यांना पायथागोरसची त्रिकुटं म्हणतात. शाळेबाहेर त्यांचा खरा वापर गवंडी करतो. जोत्याची आखणी करताना एका सुतळीवर तीन फुटांची खूण, दुसरीवर चार फुटांची, आणि मधे तिरका टेप. बरोबर पाच भरले तर कोपरा काटकोनात आला. बोटभर कमीजास्त झाले तर सुतळी सरकवायची आणि पुन्हा टेप धरायचा. बौधायनाच्या शुल्बसूत्रांत यज्ञवेदी आखायला हाच नियम आयताच्या कर्णावर ताणलेल्या दोरीच्या रूपात येतो. तिथे वेदी चुकली तर फळ मिळणार नाही ही भीती, इथे कोपरा चुकला तर पुढे फरशी बसवणारा शिव्या घालील ही. दोन्ही भीतींनी भूमितीचं भलंच केलं आहे.

रमेशच्या उत्तराला आणखी एक शेपूट असतं, ते म्हणजे दिशा. नुसतं ‘५ मीटर’ लिहिलं तर उत्तर अर्धंच. मुलं ‘ईशान्येला’ लिहून मोकळी होतात. ईशान्य म्हणजे पूर्व आणि उत्तर यांच्या बरोबर मधोमध, ४५ अंशांवर. रमेश गेलाय पूर्वेपासून उत्तरेकडे ५३ अंशांवर. आठ अंशांचा हा फरक पाच मीटरवर सत्तर सेंटिमीटर भरतो. देवघर ईशान्येला हवं म्हणून चांगली भिंत पाडणारी मंडळी एवढी सूट देणार नाहीत. पेपर तपासणाऱ्या बाई देतात.

हाच रमेश पुढे पदवीधर होतो, बेकार होतो आणि स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकात मुक्कामाला येतो. पोलीस भरती असो, तलाठी असो, रेल्वे असो, बुद्धिमत्ता चाचणीत ‘दिशाज्ञान’ नावाचा घटक असतोच. आता त्याचं चालणं जास्त अवघड झालेलं असतं. दक्षिणेला ५ किलोमीटर जातो, डावीकडे वळून १२ किलोमीटर जातो, आणि तो मूळ ठिकाणापासून किती अंतरावर व कोणत्या दिशेला आहे, हे उमेदवारानं मिनिटाच्या आत सांगायचं. १३ किलोमीटर सगळ्यांना येतात. घोळ ‘डावीकडे’मध्ये होतो.

परीक्षेच्या हॉलमध्ये हा घोळ जवळून बघण्यासारखा असतो. उमेदवार कच्च्या कामाच्या जागेत अधिकचं चिन्ह काढतो. वर ‘उ’, खाली ‘द’, उजवीकडे ‘पू’, डावीकडे ‘प’. पेनाचं टोक ‘द’कडे पाच किलोमीटर सरकतं आणि अडतं. खाली तोंड करून चाललेल्या माणसाचा डावा हात कुठे येतो? तो आधी प्रश्नपत्रिका उलटी फिरवतो. मग मान फिरवतो. मग जेवायचा हात कुठला हे चाचपून उरलेला तो डावा असं ठरवतो, आणि शेवटी कमरेपासून अर्धा वळून, हात किंचित बाहेर काढून, खरोखरच दक्षिणेकडे तोंड करून बसतो. पर्यवेक्षक दारातून ओरडतात, ‘ओ, समोर बघा!’ समोर म्हणजे कुठे, हाच तर प्रश्न पडलेला असतो.

पुण्यात सदाशिव आणि नारायण पेठांतल्या अभ्यासिकांमधून अशी गणितं रोज हजारांनी सुटतात. ती सोडवून बाहेर पडलेला उमेदवार मित्राच्या गाडीवर बसून गुडलक चौकात येतो आणि वैशाली हॉटेलपर्यंत जायचं ठरवतो, तेव्हा त्याचं पुस्तकी ज्ञान संपतं. चालत गेलं तर फर्ग्युसन रस्त्यावरून नाकासमोर काही मिनिटं. पण गाड्यांसाठी हा रस्ता एकेरी, आणि तोही गुडलककडे येणारा. मग जंगली महाराज रस्त्यानं वर जायचं, एखाद्या आडव्या रस्त्यानं फर्ग्युसनवर यायचं आणि मग खाली उतरायचं. आयताच्या तीन बाजू चालवून चौथी बाजू गाठायची. रिक्षा केली असेल तर उतरताना वाद ठरलेला. ‘इथून इथपर्यंत यायला एवढे?’ असं म्हणणारा प्रवासी विस्थापनाचे पैसे द्यायला निघालेला असतो. ‘वन-वे आहे साहेब, मी केलाय का?’ म्हणणारा रिक्षावाला अंतराचे मागत असतो. भौतिकशास्त्र इथे ठामपणे रिक्षावाल्याच्या बाजूचं आहे. रिक्षाचा मीटर अदिश असतो. तो सदिश असता तर जाऊन-येऊन रिक्षा फुकट पडली असती, घर जवळ यायला लागलं की आकडे उलटे फिरले असते, आणि दारात पोचल्यावर शून्य बघून रिक्षावाल्यानं प्रवाशाला परत गुडलकला नेऊन सोडलं असतं.

दोन लंब बाजू चालण्याचा भुर्दंड जास्तीत जास्त किती बसू शकतो, याचं उत्तर गणितात पक्कं आहे. दोन्ही बाजू सारख्या असतील तेव्हा तो सर्वांत जास्त असतो: दोनाचं वर्गमूळ, म्हणजे १.४१४ पट. काटकोनातून गेलं तर वाट एक्केचाळीस टक्क्यांहून जास्त लांबूच शकत नाही. आता कोकण रेल्वे घ्या. रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंतचा हा मार्ग १९९८ मध्ये संपूर्ण खुला झाला. डोंगर पोखरून, दऱ्यांवर पूल टाकून तो शक्य तितका सरळ नेला. त्याचा खर्च भरून निघावा म्हणून प्रवासी भाड्यासाठी अंतर चाळीस टक्के वाढवून धरायची पद्धत पडली. गाडी धावते १०० किलोमीटर, तिकीट बनतं १४० किलोमीटरचं. म्हणजे अभियंत्यांनी कर्ण काढून दिला आणि तिकीट खिडकीनं दोन्ही बाजूंचे पैसे घेतले. एक टक्का तेवढा सोडला.

खेड्यात मात्र रमेशचं वागणं अगदी शहाणपणाचं ठरतं. त्रिकोणाच्या पोटात तिथे दुसऱ्याचा ऊस असतो.

स्वतःच्या शेतात जायला दुसऱ्याच्या शेतातून जावं लागणं हे महाराष्ट्रातल्या कोर्टकचेऱ्यांचं जुनं खाद्य. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधलं कलम १४३ याच दुखण्यावर आहे. ज्याला रस्ता नाही त्यानं तहसीलदाराकडे अर्ज करायचा, आणि तहसीलदारानं दुसऱ्यांच्या सर्व्हे नंबरांच्या हद्दींवरून, म्हणजे बांधावरून, जायच्या हक्काचा निर्णय द्यायचा. बांधावरून, पिकातून नव्हे. सर्व्हे नंबर बरेचसे चौकोनी, बांध आडवे आणि उभे. तेव्हा कलम १४३ चा अर्थ एवढाच की बाबा रे, ३० मीटर पूर्वेला जा, मग वळ, मग ४० मीटर उत्तरेला जा. पुस्तकातला मुलगा जे निष्कारण करतो ते इथे कायद्यानं करायचं असतं.

यात न्याय आहे. तिरकी वाट काढली तर ती एकाच्याच रानाचे दोन तुकडे करते. औत वळवायला जागा राहत नाही आणि दोन्हीकडे निमुळते कोपरे पडीक पडतात. बांधावरची वाट दोन शेजाऱ्यांच्या सीमेवरून जाते, तेव्हा तोटा दोघांत वाटला जातो आणि राग तिसऱ्यावर निघतो. तहसीलदार स्थळपाहणीला येतात, पंचनामा होतो, कच्चा नकाशा निघतो, आणि वर्षा-दोन वर्षांत निकाल लागून रस्ता कागदावर येतो. जमिनीवर तोवर शेजाऱ्यानं दर पेरणीला एकेक तास आत घेऊन बांध कोरलेला असतो. विदर्भात बांधाला धुरा म्हणतात. तिथेही तो कोरलाच जातो. एका माणसाची बैलगाडी जाईल असा बांध पाच-सात वर्षांत एका मांजराला सांभाळून जावं लागेल इतका होतो. रमेशच्या ३ आणि ४ मीटरना लांबी होती, रुंदी नव्हती, हे इथे आठवतं.

एक कायदा रमेशला आडवं-उभं चालायला लावतो, तर दुसऱ्याला त्या चालण्याशी काही देणंघेणंच नाही. जनरल क्लॉजेस ॲक्ट, १८९७ हा कायद्यांचा अर्थ कसा लावावा हे सांगणारा कायदा. त्याचं अकरावं कलम म्हणतं की केंद्रीय कायद्यांत कुठेही अंतर मोजायचं झालं आणि वेगळा हेतू दिसत नसेल, तर ते सरळ रेषेत मोजावं. आणि तेही आडव्या प्रतलावर. हे दुसरं वाक्य वाचून थबकायला होतं. सरळ रेषा म्हणजे विस्थापन झालं. पण आडव्या प्रतलावर म्हणजे चढ-उतार हिशेबातून बाद. रायगडाच्या माथ्यावरची वस्ती आणि पायथ्याची वाडी यांच्यातलं अंतर मोजताना कायद्याच्या दृष्टीनं गड सपाट आहे. हिरकणीला हे कलम माहीत असतं तर तिचा काही फायदा झाला नसता, पण आपण उतरलोच नाही असं तिला कायदेशीर म्हणता आलं असतं.

अंतर खरं की विस्थापन खरं, हा वाद देशभर पेटला तो २०१७ साली, दारूवरून. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको असा आदेश दिला. पुढे मार्चअखेर वीस हजारांपर्यंत वस्तीच्या गावांसाठी ही मर्यादा २२० मीटर केली. १ एप्रिलपासून बारवाले टेप घेऊन रस्त्यावर आले. एरवी ज्यांनी भूमितीचं नाव काढलं नसतं ते लंबांतर, कर्ण, प्रवेशद्वार, रस्त्याची बाहेरची कड असल्या शब्दांत बोलायला लागले.

केरळात एर्नाकुलम जिल्ह्यातल्या उत्तर परवूरच्या एका बारनं यावर काढलेला तोडगा पाठ्यपुस्तकात घ्यायला हवा. बार महामार्गाजवळच होता आणि हलवणं शक्य नव्हतं. विस्थापन बदलत नाही म्हटल्यावर मालकानं अंतर वाढवलं. बारशेजारच्या मोकळ्या जागेत भिंती उभ्या करून त्यानं नागमोडी वाट केली. गिऱ्हाईक आत शिरतं, टोकापर्यंत जातं, वळतं, पुन्हा तेवढंच परत येतं, पुन्हा वळतं. असं करत करत ते बारच्या दाराशी पोचेस्तोवर ५०० मीटर भरतात. तिथल्या उत्पादन शुल्क खात्याची मोजायची रीत चालायच्या वाटेची होती, हवेतल्या रेषेची नव्हती. त्यामुळे हिशेब जुळला. सगळीकडे लोक त्रिकोणाच्या पोटातली अडचण काढायला धडपडतात. या गृहस्थानं रिकाम्या पोटात पदरचा पैसा घालून अडचण बांधली. वाट आत जाताना ठीक आहे. बाहेर पडताना, तीन पेग झाल्यावर, त्याच चक्रव्यूहातून महामार्ग गाठायचा म्हणजे दिशाज्ञानाचा पेपर पुन्हा द्यायचा.

चंदीगडनं याहून सरस डोकं चालवलं. तिथल्या प्रशासनानं शहरातले राज्य महामार्ग अधिसूचना काढून ‘प्रमुख जिल्हा रस्ते’ करून टाकले. बार होते तिथेच राहिले, रस्ते होते तिथेच राहिले, महामार्ग तेवढा नाहीसा झाला. आरंभबिंदूच पुसला की विस्थापन कुठून मोजणार? न्यायालयानंही पुढे शहराच्या हद्दीतल्या या बदलाला हरकत घेतली नाही.

मधे काय आहे याची पर्वाच नसलेला एक प्राणी आपल्याकडे आहे, तो बुद्धिबळाच्या पटावर. घोडा दोन घरं सरळ आणि एक घर आडवा जातो, आणि वाटेत कुणाचं प्यादं उभं असलं तरी वरून उडी मारतो. आपल्याकडे लहान मुलाला शिकवताना घोडा अडीच घरं जातो असं सांगतात. अंतर धरलं तर ती तीन घरं होतात. विस्थापन धरलं तर पाचाचं वर्गमूळ, सव्वादोनला जरासं कमी. अडीच कुठूनच येत नाही. अदिशवाले आणि सदिशवाले यांच्यात कुणीतरी वडीलधाऱ्यानं मध्यस्थी करून मिटवलेला हा आकडा असावा.

उडीवरून भास्कराचार्यांची माकडं आठवायलाच हवीत. सुमारे ११५० सालच्या ‘लीलावती’त हे उदाहरण आहे. शंभर हात उंच झाड, झाडापासून दोनशे हातांवर तळं, आणि शेंड्यावर दोन माकडं. एक माकड गुपचूप खाली उतरतं आणि जमिनीवरून चालत तळ्याला जातं. रमेशच्याच घराण्यातलं. दुसरं शेंड्यावरून आधी सरळ वर उडी घेतं आणि तिथून तिरकं थेट तळ्यात येतं. दोघांचं अंतर सारखंच भरलं, तर दुसऱ्यानं वर किती उडी मारली?

पहिल्याचे शंभर आणि दोनशे मिळून तीनशे हात. दुसरं ५० हात वर गेलं, म्हणजे जमिनीपासून १५० हातांवर, तिथून तळं दोनशे हात लांब, कर्ण २५०. पन्नास आणि अडीचशे, तीनशे. पडताळा अचूक. आणि १५०, २००, २५० म्हणजे पुन्हा आपलं ३, ४, ५च. साडेआठशेहून जास्त वर्षांपूर्वीचे आचार्यसुद्धा कॅल्क्युलेटर शोधायची वेळ येऊ देत नव्हते.

यात खरी गंमत अशी की दोघांचं विस्थापन एकच आहे, शेंड्यापासून तळ्यापर्यंत जेमतेम २२४ हात, आणि त्या रेषेवरून एकही माकड गेलेलं नाही. या त्रिकोणाच्या पोटात हवेखेरीज काही नव्हतं, तरी पहिल्यानं उतरायचा त्रास घेतला आणि दुसऱ्यानं शेंड्यावरून पन्नास हात उंच उडायचा पराक्रम केला. चाळीसगावजवळच्या पाटण गावी भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांच्या ग्रंथांचा अभ्यास चालावा म्हणून मठ काढला. त्याचा १२०७ सालचा शिलालेख तिथे आहे. त्या मठात एखाद्या विद्यार्थ्यानं ‘गुरुजी, माकडानं आधी वर उडी का मारली?’ असं विचारलं असेल, तर त्याला मिळालेलं उत्तर आजच्या वर्गात मिळतं त्याहून वेगळं नसावं.

विस्थापनाला काडीचीही किंमत न देणारे लोकही पुष्कळ आहेत, आणि ते सुखी दिसतात. आळंदीपासून पंढरपूर अक्षांश-रेखांशांवरून मांडलं तर सुमारे १५१ किलोमीटर पूर्वेला आणि १११ किलोमीटर दक्षिणेला आहे. वर्ग करा, मिळवा, मूळ काढा. विस्थापन १८७ किलोमीटर. माउलींची पालखी चालते अडीचशेच्या आसपास. पुणं, दिवे घाट, सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण, माळशिरस असा तिचा वळसा. नकाशावर आळंदी-पंढरपूर सरळ रेघ मारली तर तिचा मध्य बारामतीजवळ पडतो. महाराष्ट्रात कुठलीही रेघ मारली तरी तेच होतं असं काहीजण म्हणतील, पण इथे ते खरोखरच आहे. कुणाही वारकऱ्याला कर्णाचे साठेक किलोमीटर वाचवावेत असं वाटत नाही. मुळात वाटेतच रिंगण घालून घोडा गोल पळवायचा आणि त्याचं विस्थापन शून्य करून ठेवायचं, हा ज्यांचा आनंदसोहळा, त्यांना सदिश राशी कोण शिकवणार! नर्मदा परिक्रमेचंही तेच. हजारो किलोमीटर चाला, निघालात तिथे या, भौतिकशास्त्र म्हणेल काहीच घडलं नाही. पुण्य अदिश असतं, एवढाच याचा अर्थ.

परंतु सर्वांनाच वारकऱ्याचं मन लाभत नाही. ठाणे आणि बोरिवली यांच्यात राहणाऱ्या नातेवाइकांना तर नाहीच.

नकाशावर ठाणे स्टेशनापासून बोरिवली स्टेशन सुमारे पाच किलोमीटर उत्तरेला आणि साडेबारा किलोमीटर पश्चिमेला. जवळजवळ ५, १२, १३चं त्रिकूटच. निसर्गानं परीक्षकाची सोय पाहून ही दोन स्टेशनं मांडल्यासारखी वाटतात. कर्ण साडेतेराला थोडा कमी. त्रिकोणाच्या पोटात काय आहे, हे इथे अख्ख्या मुंबईला ठाऊक आहे: संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, शंभराहून जास्त चौरस किलोमीटरचं, आत डोंगर, तळी, कान्हेरीची लेणी आणि बिबटे. बिबट्याच्या हद्दीवरून रस्ता द्यायला कलम १४३ लागू होत नाही. त्यामुळे पश्चिमेला जायचं असलेल्या माणसानं घोडबंदर रोडनं आधी वर उत्तरेला जायचं, आणि मग महामार्गानं खाली दक्षिणेला यायचं. साधारण २३ किलोमीटर, आणि वेळ घोडबंदरच्या मर्जीवर. ही वाकडी वाट चुकवण्यासाठी आता उद्यानाच्या खालून जुळे बोगदे खोदायचा प्रकल्प हाती घेतला आहे. जुलै २०२४ मध्ये भूमिपूजन झालं. रस्ता ११.८ किलोमीटरचा, त्यात सव्वादहा बोगद्याचे, खर्च १६,६०० कोटी रुपये. वाचणार बाराएक किलोमीटर. कर्णाचा भाव किलोमीटरला चौदाशे कोटी पडला.

तोवर लोकल आहे. ठाण्याच्या माणसानं मुलगी बोरिवलीला दिली की लग्नात सगळ्यांना सांगतो, ‘जवळच दिलीय, डोंगराच्या पलीकडे.’ महिन्याभरानं आई डबा घेऊन मुलीकडे निघते. ठाण्याहून मध्य रेल्वेनं दादर, पंचवीस किलोमीटर. दादरचा पूल ओलांडून पश्चिम रेल्वेनं बोरिवली, आणखी चोवीस. पुलावर चढता चढता मुलीचा फोन येतो, ‘आई, कुठपर्यंत आलीस?’ घरातून निघताना मुलगी साडेतेरा किलोमीटरवर होती. तासभर उभ्यानं प्रवास करून आई आता तिच्यापासून तेवीस किलोमीटरवर पोचली आहे. ‘अगं, आलेच, अर्धं झालं,’ असं आई म्हणते, आणि अंतराच्या हिशेबानं ते खरंही असतं. फलाटावर विरार फास्ट लागलेली असते. बोरिवलीच्या माणसांनी तिच्यात चढू नये असा विरारकरांचा अलिखित दंडक आहे. दारातली बाई डब्याकडे बघते, आईकडे बघते आणि विचारते, ‘विरार ना?’